सातबाऱ्यावरची मूठमाती: मराठवाड्यातील जुन्या दफनभूमींच्या प्रश्नाचा आढावा

मराठवाड्यातल्या साखऱ्यासारख्या गावात स्मशानाचा विषय पावसाळ्यात निघतो. ओढ्याला पाणी असते, वाटेत गुडघाभर चिखल असतो आणि तिरडी खांद्यावर घेतलेल्या माणसांना दहनशेड गाठायचे असते. मग ग्रामसभेत त्यावर बोलणे होते, जनसुविधा योजनेतून रस्ता मागितला जातो. जुन्या दफनभूमीचा विषय असा निघत नाही. तिथे बाभळी माजलेल्या असतात, शेळ्या चरत असतात. मोजणीची तारीख लागली की ती जागा एकदम सगळ्यांना दिसू लागते. गावनकाशा उघडतो, सातबारा वाचला जातो. जागा कुणाची, हे आधी विचारले जाते. तिथे कोण पुरले आहे, हे नंतर.

या आढाव्यात त्या उलट्या क्रमाचाच विचार करायचा आहे. मराठवाड्यातल्या आणि आसपासच्या जुन्या दफनभूमी कशा तयार झाल्या, त्यांच्याबद्दल कोणत्या भूमिका घेतल्या जातात आणि काय ठरायचे राहिले आहे, असे तीन भाग पाडून पाहू. दहनभूमींचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. तो इथे ओघापुरताच येईल.

कबरींच्या आधीच्या खुणा

मराठी माणसाची सर्वसाधारण समजूत अशी की पुरणे ही इतरांची रीत, आपली जाळण्याची. जमिनीखालचा पुरावा मात्र वेगळा आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी आपले मृत घराच्या जमिनीखालीच पुरले होते. लहान मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून त्यात ठेवले होते, मोठ्या माणसांची पावले तोडलेली होती. मेलेला माणूस परत चालत येऊ नये, की त्याने घर सोडून जाऊ नये, यावर अभ्यासकांचे तर्क आहेत.

वऱ्हाडापलीकडे नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड, टाकळघाट-खापा इथे लोहयुगातली शिळावर्तुळे आहेत. मोठमोठ्या दगडांचे कडे आणि त्याखाली दफन. आजही लिंगायत, गोसावी, महानुभाव, नाथपंथी अशा अनेक परंपरांत मृताला माती दिली जाते. लिंगायतांची रुद्रभूमी मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत आहे. दहन करणाऱ्या घरांतही तान्ह्या मुलाला पुरण्याचीच रीत आहे. मूठमाती हा शब्द मराठीत उगाच रुळलेला नाही.

आपल्याकडे कमी होती ती नाव कोरण्याची सवय. संताची समाधी बांधली जाई, लढून पडलेल्याचा वीरगळ उभा राही. वीरगळावर खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरांसोबत स्वर्गारोहण आणि वरती शिवपूजा असा ठरलेला क्रम असतो. मृताचे नाव बहुधा नसते. गुंथर सोन्थायमर आणि एस. सेट्टर यांनी 1982 साली संपादित केलेल्या स्मृतिशिळांवरील ग्रंथानंतर या दगडांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणे वाढले. गावाने मात्र त्यांना केव्हाच शेंदूर लावून देव केले होते. साध्या कुणब्याची, कुंभाराची किंवा महाराची आठवण दगडात ठेवण्याची पद्धत नव्हती. नाव, तारीख, वय आणि मृत्यूचे कारण सांगणारा दगड आपल्या भागात मोठ्या प्रमाणावर आला तो छावण्यांबरोबर.

छावण्यांचे शतक

हिंगोली हे निजामाच्या राज्यातले लष्करी ठाणे होते. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी फौज इथे होती. 1819 च्या जानेवारीत याच फौजेने नोवसाजी नाईक यांच्या नव्हा या गढीला वेढा घातला आणि ती घेतली. हटकर समाजात नोवसाजींची आठवण आजही ठेवली जाते. 1853 च्या तहानंतर ही फौज हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली आणि तिच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1902 साली वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने दिले गेले, 1903 साली कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई आणि वऱ्हाडातले एलिचपूर ही त्याच साखळीतली ठाणी.

छावणी आली की तिच्यामागोमाग दफनभूमी येई. पटकी, हिवताप, अतिसार आणि बाळंतपण ही मरणाची नेहमीची कारणे. या देशात आलेल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, असे तेव्हा म्हटले जाई. थिऑन विल्किन्सन यांनी 1976 सालच्या आपल्या पुस्तकाला हेच नाव दिले. अशा दफनभूमींत लढाईत पडलेल्यांपेक्षा तापाने गेलेले शिपाई, विशीतल्या बायका आणि वर्षही पूर्ण न झालेली मुले जास्त भेटतात.

या कबरींची पद्धतशीर मोजदाद ओ. एस. क्रॉफ्टन या अधिकाऱ्याने केली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कबरींवरील लेखांची त्याची यादी 1932 साली निघाली, निजामाच्या राज्याची 1941 साली. आज दगड फुटला असला किंवा अक्षरे झिजली असली तरी मजकूर वाचता येतो तो अशा याद्यांमुळे. पण यादी होती कोरीव लेखांची आणि मुख्यतः युरोपीय नावांची. ज्या कबरीवर लेख नाही ती यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता.

हिंगोलीपुरते याचे एक बोलके उदाहरण आहे. निजामाच्या नोकरीतला अधिकारी आणि लेखक फिलिप मेडोज टेलर याने ठगांवरच्या 1839 सालच्या आपल्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीची हकीकत दिली आहे. छावणीतला हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी ठगांचा म्होरक्या निघाला. त्याच्या टोळीने वाटसरूंना छावणीच्या बाजारातच मारले आणि पहाऱ्यापासून फार दूर नसलेल्या जागी पुरले. ते खड्डे उकरले तेव्हा टेलर स्वतः हजर होता. ठगीची कल्पना इंग्रजांनी किती फुगवली याबद्दल इतिहासकारांत वाद आहे; किम वॅगनर यांच्या 2007 सालच्या पुस्तकाने तो नीट मांडला. पण उकरलेले खड्डे आणि त्यातली माणसे तर खरी होती. एकाच छावणीच्या हद्दीत एकीकडे नाव-हुद्द्यासह कोरलेले थडगे आणि दुसरीकडे कुठल्या गावचे होते हेही न कळलेले वाटसरू. याच टेलरने पुढे शोरापूर भागातल्या महापाषाणयुगीन कबरी काळजीपूर्वक उघडून त्यांचे छेद काढले. भारतातल्या अशा कामात तो अगदी आरंभीचा मानला जातो. हजारो वर्षांपूर्वीच्या बिननावाच्या कबरींना शास्त्राने जागा दिली. हिंगोलीच्या खड्ड्यांना ती मिळाली नाही.

मिशनच्या माणसांची माती

छावणीनंतर मिशन आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 साली मुंबईत सुरू झाले आणि 1831 पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला स्थिरावले. त्याच्या पहिल्या तुकडीतला गॉर्डन हॉल 1826 साली नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. मुलींच्या शिक्षणासाठी आलेल्या सिंथिया फॅरार 1827 साली मुंबईत उतरल्या आणि 1862 साली नगरला वारल्या. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण फॅरारबाईंच्या संस्थेत झाले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मराठवाड्यात जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी बेथेल ही वसाहत उभी केली. मांग-महार कुटुंबांना जमीन, शाळा आणि विहीर मिळाली, तशीच पुरण्यासाठी हक्काची जागाही मिळाली. गावाच्या वाटणीत ज्यांना मसणवटाही वेगळा होता, त्यांच्यासाठी ही गोष्ट लहान नव्हती.

छावणीच्या आणि मिशनच्या दफनभूमींत म्हणूनच मोठा फरक पडला. छावणी उठली तेव्हा तिची माणसे गेली. मिशन आटोपले तरी मराठी ख्रिस्ती समाज इथेच राहिला, आणि पहिल्या धर्मोपदेशकाशेजारी त्याच समाजातली आजी पुरली गेली. तिथे नाताळात मेणबत्ती लागते.

1947 नंतर

स्वातंत्र्यानंतर युरोपीय दफनभूमींची जबाबदारी ब्रिटनच्या उच्चायुक्तालयाकडे आली. धोरण ठरले ते असे: वापरातल्या जागा स्थानिक चर्च आणि समित्यांनी पाहाव्यात, ज्यांना कुणी उरले नाही त्या हळूहळू निसर्गाच्या स्वाधीन व्हाव्यात. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर राज्य बदलले, महसुली दप्तर बदलले आणि निकालात निघालेल्या छावण्यांच्या जागा वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदीत विखुरल्या.

1976 साली विल्किन्सन यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये दक्षिण आशियातल्या ब्रिटिश दफनभूमींसाठी बॅक्सा ही संस्था निघाली. ती स्थानिक गटांना थोडीफार मदत करते आणि लेखांच्या नोंदी ठेवते. इतिहासकार एलिझाबेथ ब्युटनर यांनी 2006 सालच्या एका लेखात या सगळ्याकडे चिकित्सेने पाहिले. राज्य गेलेल्या लोकांना कबरींतून आपला भूतकाळ कसा हळवा करून पाहता येतो, आणि भारतीयांना त्याच कबरींत दुसरे काही कसे दिसते, हा त्यांचा विषय.

चार भूमिका

आज या प्रश्नाबद्दल चार भूमिका ढोबळपणे दिसतात.

पहिली श्रद्धेची. पुरलेल्याला हलवू नये, त्याच्या जागेवर दुसरे काही उभारू नये, हे बहुतेक समाज मानतात. पण श्रद्धेला जतन हवेच असते असे नाही. मुस्लिम परंपरेत साधी, कच्ची कबर उत्तम मानतात आणि काळाने माती एक झाली की तीच जागा पुन्हा वापरली जाते. वारकऱ्याच्या घरात राख नदीत जाते, मागे काहीच उरत नाही. या भूमिकेला दगड टिकण्यापेक्षा जागेची विटंबना न होणे महत्त्वाचे वाटते.

दुसरी वारशाची. तिच्या मते दफनभूमी म्हणजे उघड्यावर पडलेले दप्तर आहे. साथी केव्हा आल्या, कोणत्या पलटणी कुठे होत्या, पाथरवटाने कोणता दगड वापरला, हे तिथे वाचता येते. 1958 च्या केंद्रीय कायद्याने संरक्षित स्मारकांना छत्र दिले आणि 2010 च्या दुरुस्तीने त्यांच्याभोवतीची 100 मीटरची बांधकामबंदी कायद्यातच आणली. सुरतेच्या इंग्रज आणि डच कबरींना हे संरक्षण आहे. लहान ठाण्यांतल्या कबरी त्या यादीपर्यंत क्वचितच पोचतात.

तिसरी जागेची. शहर वाढते, गावठाण अपुरे पडते, आणि जिवंतांना दवाखाना, शाळा, रस्ता हवा असतो. ती अमानुष भूमिका नव्हे. मुंबईत इंग्रजांचे पहिले दफनस्थान मेंढम्स पॉइंटला होते, त्याचा आज मागमूस नाही. पुढे सोनापूर आले, मग 1860 च्या दशकात शिवडी. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोने विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात पुरण्यावर बंदी घातली आणि पुढच्या काही दशकांत वसाहतीच्या पहिल्या पिढीसकट बहुतेक सगळे मृत कोल्मा या शेजारच्या गावी हलवले. ज्यांचे कुणी आले नाही त्यांचे थडग्याचे दगड एका बागेच्या गटारांना लागले. लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती अशा ज्या समाजांना आज गावात पुरायला जागा कमी आहे, त्यांचाही या भूमिकेत वाटा आहे: जुनी जपायची तर नवी कुठे?

चौथी भूमिका सत्तेचा प्रश्न विचारते. ज्यांनी राज्य केले त्यांचे दगड आपण आपल्या पैशाने का सांभाळावेत? नव्ह्याच्या वेढ्यात पडलेल्या हटकरांच्या नावांची यादी कुठे आहे? हा प्रश्न टाळता येत नाही. त्यावर दिले जाणारे उत्तर असे की तापाने गेलेले दोन वर्षांचे मूल राज्यकर्ते नव्हते, आणि एकाचे नाव पुसल्याने दुसऱ्याचे सापडत नाही. अमेरिकेत याच ताणातून पुढचे पाऊल पडले. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत 1991 साली सरकारी इमारतीच्या पायाखाली गुलाम आफ्रिकी लोकांची विसरलेली दफनभूमी सापडली. आंदोलनानंतर 2006 साली ती राष्ट्रीय स्मारक झाली. मूळ रहिवाशांच्या अस्थी वंशजांना परत देण्याचा कायदा तिथे 1990 साली झाला. पहिल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या कबरींपुरता असलेला विषय अशा रीतीने तिथे रुंद झाला.

टिकले ते कशाने

भूमिका बाजूला ठेवून नुसते काय टिकले ते पाहिले, तर एक गोष्ट लक्षात येते. वय, कला किंवा मृताचे मोठेपण यांवर टिकणे फारसे ठरलेले नाही.

पुण्याजवळ खडकीची युद्ध दफनभूमी काटेकोर राखलेली आहे, कारण राष्ट्रकुल युद्धकबर आयोग 1917 पासून हेच काम करतो आणि त्याला कायमचा निधी आहे. तिथेच पहिल्या महायुद्धातल्या मृतांचे एक स्मारक आहे. भारतभरच्या दूरदूरच्या दफनभूमींत पुरलेल्या आणि जिथे देखभाल होऊ शकत नाही अशा 1,800 हून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. देह होता तिथेच राहिला, नाव मात्र सांभाळ होईल अशा जागी नेले.

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायली समाजाची आद्यभूमी आहे. जहाज फुटून सात जोडपी वाचली, बाकीच्यांना इथे पुरले, अशी त्यांची परंपरा. किती शतकांपूर्वी, याची खात्री नाही. समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला, तरी तिथून आणि मुंबईहून लोक नवगावला येतात. तारखेचा पुरावा नसलेली ही जागा येणाऱ्यांच्या पावलांनी टिकली.

खुलताबादला मलिक अंबर, औरंगजेब, पहिला निजाम यांच्या कबरी आहेत. पण त्या गावाला शतकानुशतके जागे ठेवले ते बुऱ्हानुद्दीन गरीब आणि झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांनी. बादशहा त्यांच्या सावलीत पुरला गेला. निजामी राजवटीत अशा ठिकाणांच्या सेवेसाठी खिदमतमाश इनामे असत, म्हणजे झाडलोटीची तजवीज जमिनीतूनच होई. हैदराबादला 1798 साली वारलेल्या रेमाँ या फ्रेंच सेनानीची गोष्ट आणखी नवलाची. लोकांनी त्याला मूसा राम आणि मूसा रहीम अशी दोन्ही नावे दिली आणि त्याच्या थडग्यावर दिवे लावले. परका माणूस लोकांनी दत्तक घेतला.

या उलट छावण्यांच्या दफनभूमी. तिथे उरूस नाही, समाज नाही, इनाम नाही, आयोग नाही. गावाच्या मसणवट्यालाही जुन्या काळी राबणारे हात होते: सरपण वाहणारे आणि मरणाची खबर पोचवणारे महार, स्मशानाच्या आश्रयाने भिक्षा मागणारे मसणजोगी. ती कामे जन्मावर लादलेली होती, ती सुटली हे न्यायाचेच झाले. पण ते काम यापुढे कुणी करायचे, हे गावाने ठरवले नाही. दफनभूमी टिकते ती वारसामुळे. आणि हा वारस रक्ताचा असो, श्रद्धेचा असो वा पगारी असो, तो लागतोच. चारही भूमिका असा वारस आहे असे गृहीत धरून बोलतात.

न सुटलेले

मग उरतात ते प्रश्न चार.

पहिला मोजदादीचा. 1932 आणि 1941 च्या याद्या पायाभूत आहेत, पण त्या कोरीव लेखांच्या आहेत. तालुकावार अशी नोंद हवी जिच्यात छावणीची दफनभूमी, रुद्रभूमी, कबरस्तान, गोसाव्यांच्या समाध्या आणि वीरगळ एकाच नकाशावर येतील. शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. त्याला खर्चापेक्षा चिकाटी जास्त लागते.

दुसरा मालकीचा. वक्फ, चर्चच्या मालमत्ता, ग्रामपंचायत, महसूल, लष्कर यांच्या नोंदी एकमेकांशी जुळत नाहीत तिथे वाद न्यायालयात जातो, आणि निकाल लागेपर्यंत दगड निघून गेलेले असतात.

तिसरा जपणे म्हणजे काय, हा. डागडुजी करून उभे करायचे, नुसती छायाचित्रे आणि मजकूर नोंदवायचा, की खडकीप्रमाणे नावे एका जागी आणायची? तिन्ही मार्गांना जाणती माणसे पाठिंबा देतात. मध्यम मार्ग म्हणून नोंद आधी, डागडुजी नंतर, याकडे कल दिसतो. पण नोंद झाली की जागा मोकळी करायला हरकत नाही असा अर्थ निघण्याची भीतीही तितकीच रास्त आहे.

चौथा सगळ्यात अवघड: ज्यांचे नाव कधी कोरलेच गेले नाही, त्यांचे काय?

या प्रश्नाला आमच्या हिंगोली जिल्ह्याशी जोडलेली एक जुनी गोष्ट आहे. नरसीच्या नामदेवांची. मंगळवेढ्याला वेस बांधताना ती कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेव तिथे गेले, एकेक हाड कानाला लावले, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची हाडे ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर आणून त्यांना समाधी दिली. जिवंतपणी ज्याला देवळात घेतले नाही, त्याची माती देवळाच्या दारात टिकली, कारण कुणीतरी तिला वारस म्हणून उभे राहिले. त्याच ढिगाऱ्यात इतर मजुरांची हाडेही होती. नामदेवांनी तीही कानाला लावून पाहिली असणार. त्यांचे पुढे काय झाले, ते कथेत येत नाही.